तुम्ही मायाळू लावा, मी चुका लावते

अहो वहिनी, ते ब्रोकोलीचं पाकीट आधी आत ठेवा. फोडू नका. आणि ते दुसरं कसलं? लेट्यूस? तेही ठेवा. मघापासून बघतेय मी. आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून तुमचं अख्खं अंगण दिसतं त्याला मी तरी काय करू? जुळे सोलापुरात बिल्डरनं भिंतीच एवढ्याशा घातल्यात. हिकडं फोडणी घातली की तिकडं ठसका लागतो.

पाकिटावरचं चित्र छानच असतं हो. पण ते चित्र काढलं कुठं आणि बी पेरायचं कुठं? आमच्या समोरच्या सरांनी हेच लावलं होतं. फेब्रुवारीत पेरलं, वर हिरवी जाळी बांधली, रोज संध्याकाळी स्टूल टाकून समोर बसायचे. मार्चमध्ये पानं कडूजहर झाली, मधून दांडा वर आला आणि त्याला फुलं धरली. थंडीची पिकं ती. ऊन तापायला लागलं की त्यांना वाटतं आपली वेळ भरली, बी धरून मोकळं व्हावं. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीसला टेकतो, तिथं लेट्यूस काय करणार? ब्रोकोली लावायचीच असली तर ऑक्टोबरमध्ये रोप घाला, थंडीत होईल. आता जूनमध्ये नको.

तुमच्या चिपळूणला कसं, सात जूनला पाऊस दारात उभा. तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो ना तिकडं? आमच्याकडं अख्ख्या वर्षाचा साडेपाचशेच्या आसपास. त्यातही खरा जोर सप्टेंबरात. जूनमध्ये एक वळीव पडतो, मातीचा वास सुटतो, माणसं खूश होऊन बिया टाकतात आणि मग महिनाभर वर बघत बसतात. शेतकरी उगीच नाही इथं ज्वारी पावसाळा सरता सरता पेरत. वरच्या पावसापेक्षा मातीत मुरलेल्या ओलीवर भरवसा. हे कोरडवाहूचं कोडं सोडवायला इंग्रजांच्या काळात, 1933 साली, सोलापुरात संशोधन केंद्र काढलं होतं. ते अजून आहे. तेव्हा तुम्ही नवीन आहात म्हणून काही बिघडत नाही, इथली शेती भल्याभल्यांना अभ्यास करायला लावते.

माती कुठली आणलीत? शेतातली काळी? दोन पोती? चांगली आहे, पण नुसती भरू नका हं कुंडीत. तुमच्या तांबड्या मातीतून पाणी निचरून जातं. ही पाणी धरून बसते. पावसात फुगते, चिकटते, मुळांना श्वास घेऊ देत नाही. आणि उन्हात वाळली की अशा भेगा पडतात की बोट जाईल. म्हणून एक भाग काळी, एक भाग पोयटा नाहीतर तांबडी माती, एक भाग कुजलेलं शेणखत. कुजलेलं म्हणजे वास न येणारं. ताजं शेण घातलं की हुमणी येते आणि उष्णता होऊन मुळं जळतात.

अजून एक. आपल्या काळ्या मातीत चुना फार. त्यामुळं लोह मातीत असूनही झाडाला उचलता येत नाही. पान पिवळं पडतं आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. असं दिसलं की लोक घाबरून युरिया टाकतात. युरियानं काही होत नाही त्याला. शेणखत, पालापाचोळ्याचं खत वाढवत न्यायचं, तेव्हा हळूहळू माती वळणावर येते. आणि फिल्टरमधून जे पाणी वाया जातं ना, ते भाजीला घालू नका. तुमचं बोअरचं पाणी आधीच जड, त्यातले उरलेसुरले क्षार सगळे त्या वायाच्या पाण्यात. कुंडीच्या काठाला पांढरी खपली धरते ती त्याचीच. फरशी पुसा त्यानं.

पाण्याचं म्हणाल तर ते तुम्हाला एव्हाना कळलंच असेल. हो, रोज येत नाही. उजनी, टाकळी आणि हिप्परगा, तिन्हीकडून पाणी घेतं हे शहर, तरी नळाच्या तोंडाकडं बघत बसायला लावतं. उजनी धरण 117 टीएमसीचं म्हणतात, पण त्यातलं 63 टीएमसी तळाचं. त्याच्या खाली पातळी गेली की पेपरात ‘उजनी उणे’ असा मथळा येतो आणि आमच्या गल्लीत ड्रम विकत घ्यायची घाई सुरू होते. हिप्परग्याचा तलाव तर 1871 साली बांधून झालेला, कागदोपत्री त्याचं नाव एकरुख. तो बांधला होता शेतीला पाणी द्यायला. आता त्यात शहराचाही वाटा.

मग भाजीला पाणी कुठून? तर धुण्याचं सोडून सगळं. तांदूळ धुतलेलं, डाळ धुतलेलं, भाजी धुतलेलं. त्यासाठी मोरीजवळ एक बादली वेगळी ठेवा, साबणाच्या पाण्याला तिच्यात प्रवेश नाही. आणि एक जुना माठ असेल तर वाफ्याच्या मधोमध गळ्यापर्यंत पुरून टाका. तोंडावर ताटली ठेवायची म्हणजे डास होत नाहीत. माठ पाझरतो, मुळं त्याच्याकडं सरकतात, दोन-तीन दिवस वर पाणी घालावं लागत नाही. मात्र रंग दिलेला माठ नको, तो पाझरत नाही. वाफ्यावर शेंगांची टरफलं पसरा. सोलापुरात शेंगाचटणी कुटणाऱ्यांना काय तोटा? एखाद्या कारखान्यात सांगितलं की पोतंभर टरफलं मिळतात. उन्हाळ्यात निम्मं पाणी त्यानंच वाचतं. अगदी निम्मं नसेल, पण माझा हात तेवढाच कमी दुखतो.

आता लावायचं काय ते सांगते. जूनमध्ये सोलापुरात एकच राणी, अंबाडी. तुमच्या मागच्या घरातल्या अक्का आहेत ना, अशोक चौकाकडून राहायला आल्या त्या? त्यांच्या घरी गोंगुरा म्हणतात. सासरचे मूळचे तेलंगणातले, पद्मशाली, यंत्रमागवाले. पिढ्यान्‌पिढ्या सोलापुरात राहून मराठी माझ्यापेक्षा फर्डं बोलतात, पण पानं खुडून झाली की हाक तेलुगूत मारतात. अक्कलकोट रोडकडची माझी मावसबहीण पुंडी म्हणते, तिच्या सासरी कानडी. तीन घरी तीन तऱ्हेनं होते ही भाजी. आमच्याकडं ज्वारीच्या कण्या आणि तुरीची डाळ घालून शिजवायची, घोटायची, वरून लसणाची चरचरीत फोडणी आणि कडक भाकरी. कानडी घरी कण्या असतातच, पण शेंगतेल हात सैल सोडून. अक्कांकडं पानं तेलात परतून, लाल मिरची घालून वाटलेला ठेचा, भातावर. मी तिन्ही खाल्ल्यात आणि तिन्ही घरी तुमचीच चांगली असं सांगून आलेय. बाहेर बोलू नका.

अंबाडीला करावं लागत नाही काही. बी टाका, वीतभर झाली की विरळणी करा, काढलेली रोपं तीच पहिली भाजी. मग शेंडे खुडत राहायचं. जितकं खुडाल तितक्या फांद्या फुटतात. दसऱ्यापर्यंत चालते. दिवस लहान व्हायला लागले की तिला फुलं येतात, मग पानं जून होतात. लाल देठाच्या अंबाडीची बोंडं येतात तेव्हा ती टाकू नका, सरबत होतं, चटणी होते. आणि खोडाचा वाख निघतो. पूर्वी बैलाच्या कासऱ्यापासून बाजेच्या सुंभापर्यंत सगळं त्याचंच. फक्त तांब्या-पितळेच्या बिनकल्हईच्या भांड्यात शिजवू नका. आंबट आहे, भांड्याला झोंबते आणि मग पोटाला.

थांबा थांबा! ते काय उपटून टाकताय? तण? वहिनी, ती घोळ आहे! ती बघा, मांसल पानं, लालसर देठ, जमिनीला चिकटून पसरलेली. अहो, डाळ घालून काय भाजी होते तिची! आणि ते शेजारचं तांदुळजा. तेही ठेवा. लक्ष्मी मंडईत बायका याच्या जुड्या बांधून विकायला बसतात आणि तुम्ही ते फेकूलालाव.

सरांनी एकदा मला यातलं शास्त्र सांगितलं होतं, विज्ञान शिकवायचे ना ते. म्हणाले, तांदुळजा, माठ, राजगिरा आणि घोळ यांची अन्न तयार करायची रीत ज्वारी-उसासारखी असते, सी-फोर म्हणतात तिला. कडक उन्हात, कमी पाण्यात ही झाडं जास्त काम करतात. पालक, मेथी, कोथिंबीर यांची रीत वेगळी, त्यांना उकाडा सोसत नाही. आमच्या सासूबाईंना सी-फोर ठाऊक नव्हतं, पण मे महिन्यात पालक मागितला की त्या म्हणायच्या, राजगिरा खा गप. बहात्तरच्या दुष्काळातल्या त्यांच्या आठवणी ऐकण्यासारख्या होत्या. रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायची, सुकडी घ्यायची आणि येताना बांधावरून तरोटा, पाथरी, कुंजर जे हाती लागेल ते ओच्यात भरून आणायचं. पुढं चांगले दिवस आले तरी त्यांच्या ताटात पाथरी असायचीच. कच्ची. मीठ आणि दाण्याच्या कुटाबरोबर.

तर उन्हाळा आणि पावसाळा या दोन्हींत ताट भरायचं असेल तर अंबाडी, राजगिरा, तांदुळजा, माठ, मायाळू, घोळ. वेलावर दोडका, घोसाळी, कारली. गवार आणि भेंडी. बस. भेंडीला एक जपायचं, पांढरी माशी. ती रोग घेऊन येते, शिरा पिवळ्या पडतात, मग सगळं पान केवडा. रोगट झाड दिसलं की मोह न धरता उपटायचं. बियाणं घेताना ‘परभणी क्रांती’ मिळाली तर बघा, परभणीच्या कृषी विद्यापीठानं काढली ती, त्या रोगाला दाद देत नाही म्हणून नावाजली होती.

औषध? पालेभाजीवर बाजारातलं जालीम औषध मारू नका हो. आज मारायचं आणि परवा खुडायचं, ते जातं कुठं मग? आपल्याकडं लिंबाची झाडं रस्तोरस्ती आहेत. आत्ता निंबोळ्या पडतायत, गोळा करा, गर धुवा, सावलीत वाळवा. लागेल तेव्हा 50 ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या, सकाळी फडक्यानं गाळून चिमूटभर साबणाचा चुरा घालून संध्याकाळी फवारायचं. पानाच्या खालून. मावा, तुडतुडे, पांढरी माशी, सगळी खालच्या बाजूलाच बसलेली असतात. वरून फवारून कॉलर ताठ करणारे पुष्कळ आहेत. नाव घेत नाही, समोरच राहतात.

हां, त्यांच्यावरून आठवलं. सरांकडं चोरी होतेय, ऐकलंत का? खरंच! राजगिऱ्याचा वाफा आहे ना त्यांचा जिन्याखाली, तिथून जुडी जुडी गायब होते. आज या कोपऱ्यातून, परवा त्या कोपऱ्यातून. कापणी अगदी व्यवस्थित, विळीनं कापल्यासारखी. जनावर म्हणावं तर मुळासकट ओढलं असतं. सरांनी आधी खारीवर संशय घेतला, मग दूधवाल्यावर, आणि गेल्या आठवड्यात माझ्याकडं असे बघत होते की मीच उठून म्हटलं, सर, आमच्या फ्रिजची झडती घ्या. आता कॅमेरा लावायचा म्हणतात. पंचवीस रुपयांच्या राजगिऱ्याला तीन हजारांचा कॅमेरा. माणूस वाईट नाही हो, पण भाजी कापवत नाही त्यांच्यानं. वाफा हिरवागार दिसला पाहिजे. दिसतो, दिसतो आणि एक दिवस जून होऊन तुरे येतात.

आणि त्यांच्या शेवग्याचं तर निराळंच. पीकेएम-1 जातीचा आहे, तमिळनाडूत पेरियाकुळमला काढलेला, बियांपासून लावला की सहा-आठ महिन्यांत शेंगा धरतो. तसा तो धरला आणि त्याची एक फांदी बरोबर भिंतीवरून डाव्या हाताच्या घराकडं झुकली. झालं. फांदी सरांची, सावली त्यांची, मग शेंगा कुणाच्या? तीन महिने बोलणं बंद होतं. शेवटी पावसाळ्यात वाऱ्यानं फांदी मोडून शेजाऱ्यांच्या मोटरसायकलवर पडली तेव्हा दोघे एकदम बोलले. शेवग्याचं लाकूड ठिसूळ, शेंगांचा बहर संपला की छाटायलाच हवा. कमरेएवढा ठेवायचा. पाला हाताला येतो आणि भांडणं होत नाहीत. घराजवळ शेवगा लावू नये म्हणतात ना, त्याचं कारण मला तेव्हा कळलं.

तुम्ही सगळंच लावायचं म्हणता, यादी दाखवा बघू. पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर, चुका, चाकवत, अळू, मायाळू, अंबाडी, लाल माठ, दुधी, भोपळा, वांगी, टोमॅटो... अहो, हे अंगण आहे की कृषी प्रदर्शन? एवढं सगळं एका घरात लावलं की काय होतं सांगते. प्रत्येकाच्या वाट्याला वीतभर जागा. एका वेळची भाजी एकाचीही निघत नाही. दोन काड्या मेथी, चार पानं चुका. त्या चार पानांना घेऊन माणूस मंडईतच जातो. आणि उलट एकच लावलं तर मेथी सगळी एकाच आठवड्यात तयार होते. मेथी तीन-चार दिवसांत उगवते, महिन्यात काढावी लागते, थांबत नाही ती कुणासाठी. मग आठवडाभर मेथीची भाजी, मेथीचे पराठे, मेथीचं पिठलं आणि नवऱ्याचं तोंड.

म्हणून या गल्लीत आम्ही वाटून घेतो. लिहून-बिहून काही नाही. ज्याच्या अंगणाला जे सोसतं ते त्यानं लावायचं. अक्कांच्या अंगणात दिवसभर ऊन, त्यांच्याकडं अंबाडी. गल्लीभर पुरते. कोपऱ्यावरच्या काकूंच्या मोरीचं पाणी बाहेर पडतं, त्यांच्याकडं अळू. त्यांच्या अळूला पाणी घालायला लागत नाही आणि डबक्याचा वासही येत नाही. माझं अंगण दुपारनंतर सावलीत, थंडीत चुका आणि चाकवत माझ्याकडं उत्तम येतात. चुका तसा गरीब, थोड्या जागेत भरपूर पानं. एकदा लावला की बाहेरची पानं काढत राहायची. ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांना मी देत नाही, ऑक्झॅलिक आम्ल फार त्यात. पालकातही असतं. कुणाकुणाला नाही ते मला पाठ आहे, त्यामुळं कुणाच्या घरी काय दुखणं आहे तेही पाठ आहे.

आणि तुमची ही पूर्वेची भिंत मोकळी, सकाळचं कोवळं ऊन. इथं मायाळू चढवा. बी पण नको, अक्कांकडून दोन कांड्या आणा, मातीत खोचा. पावसाळ्यात बघता बघता गच्चीला लागते. भजी करा, डाळीत घाला, तुमच्याकडं कोकणात करतात तशी ओल्या नारळातली करा, आम्हालाही चव कळू दे. चिपळूणची सून आली आणि गल्लीला काय मिळालं, तर मायाळूची भाजी. एवढं तरी नाव निघायला हवं.

थंडीचं म्हणजे दसऱ्यानंतर ठरवू. तेव्हा सोलापूरसारखं दुसरं गाव नाही भाजीला. मेथी, शेपू, चाकवत, चंदनबटवा, पालक, मुळा, कांदापात. कोथिंबीर तेव्हा टाका, धणे चपलेनं हलके रगडून दोन फाका करून, रात्रभर भिजवून. पाळी करून टाकायची, दर पंधरा दिवसांनी थोडी, म्हणजे सगळी एकदम येत नाही. दोन कुंड्यांत हरभरा टाका. शेंडे खुडायचे, भाजी होते आणि खुडल्यानं झाड फुटतं. सकाळी त्याच्या पानांवर आंब असते, पूर्वी पातळ फडकं रात्री शेतात पसरून सकाळी पिळून घ्यायचे पोटदुखीवर. करडईचीही कोवळी भाजी खा, काटे धरायच्या आत. करडई तर आपल्या जिल्ह्याची मुलगी. ‘भीमा’ नावाची जात इथल्याच संशोधन केंद्रातून बाहेर पडली.

मार्गशीर्षातल्या अमावस्येला, वेळ अमावस्या म्हणतो आम्ही, अख्खं गाव शेतावर जातं. सोलापूर, धाराशिव, लातूर, सगळीकडं शहरात त्या दिवशी रिक्षा मिळत नाही. शेतात कोपी करतात, पांडवांची पूजा होते. आंबिल, उंडे आणि भज्जी. भज्जी म्हणजे तुमच्या त्या कांदाभज्यांतली नव्हे. मेथी, चुका, पात, हरभऱ्याचे घाटे, तुरीचे दाणे, वाटाणा, घेवडा, त्या दिवशी रानात जे जे हिरवं ते सगळं चिंचेच्या पाण्यात शिजवून वर बेसन लावतात. शेत नसलेली आमच्यासारखी माणसं कुणाच्या तरी शेतात पाहुणी जातात, पण रिकाम्या हातानं कसं जायचं? म्हणून गल्लीतून प्रत्येकानं एकेक जुडी घालायची. त्यानंतर महिन्याच्या आत संक्रांत, भोगीची मिसळ भाजी आणि सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. सात नंदीध्वज, अडुसष्ट लिंगांची फेरी, घरात पाहुण्यांची रांग. तेव्हा कुणाचा तरी वाफा उपसावाच लागतो. एकट्याच्या वाफ्यानं भोगी निघत नाही.

बियांचंही तसंच. दर वर्षी पाकीट कशाला? संकरित बियाण्याचं पुढचं पीक आईबापावर जात नाही, म्हणून ते धरून उपयोग नाही. पण गावरान अंबाडी, चुका, मेथी, दोडका यांचं बी धरायचं. दोन-चार चांगली झाडं न खुडता ठेवायची. आणि सगळ्यांत चांगलं झाड ठेवायचं. आपण काय करतो, चांगलं खातो आणि किडकं बियाला सोडतो. अकोल्याच्या राहीबाई पोपेरे, नगरकडच्या अकोल्याच्या बरं का, शाळेचं तोंड न पाहिलेली बाई, परसातलं गावरान बी राखून राखून 2020 साली पद्मश्रीच्या यादीत गेली. आपल्याला पद्मश्री नको, पण पुढच्या जूनला अंबाडी तरी हवी ना? बी राखेत घोळून बाटलीत भरा. एका घरात सगळं ठेवू नका. दोन वर्षांपूर्वी माझ्या चुक्याच्या बियांना भुंगा लागला, अक्कांकडं मूठभर होतं म्हणून वाण टिकलं. अगदी तसंच कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चं होतं. एकानं घरी करून बघायचं, दुसऱ्याला सांगायचं, त्यानं आणखी पुढं न्यायचं. गच्चीवर, अंगणात, द्राक्षाच्या मळ्यात. ते आपले प्रयोग पत्रांतून कळवायचे, आम्ही भिंतीवरून ओरडतो.

तेव्हा ठरलं. पूर्वेच्या भिंतीला मायाळू. मधल्या वाफ्यात लाल माठ, तो तुम्ही चांगला कराल, कोकणातला हात आहे. कडेनं उगवेल ती घोळ राहू द्या. ब्रोकोली ऑक्टोबरमध्ये, हौस म्हणून, एका कुंडीत. बाकी यादीची चिंता सोडा. चुका, चाकवत, अंबाडी, अळू आपोआप दारात येईल. तुमच्याकडून माठ गेला की झालं. मोजमाप करायचं नाही. एखाद्या वर्षी तुमचं काहीच आलं नाही तरी येत राहील. माझ्याकडं दोन उन्हाळे काही आलं नव्हतं, कुणी विचारलं नाही.

सर? सरांकडचा राजगिरा या वाटपात नाही का म्हणता? आहे की! सगळ्यांत जास्त तोच आहे. हळू बोला जरा, खिडकी उघडी आहे त्यांची.

अहो, परवा सकाळी तुमच्या दाराच्या कडीला राजगिऱ्याची जुडी अडकवलेली होती ना? सुतळीनं बांधलेली, मुळं कापून, धुऊन? तुम्हाला वाटलं मी ठेवली. मी नाही. अक्कांनाही तशीच आली होती आणि कोपऱ्यावरच्या काकूंना सुद्धा. सर पहाटे सिद्धेश्वराला दर्शनाला जातात, पाऊण तास लागतो. तेवढ्या वेळात त्यांच्या मिसेस विळी घेऊन जिन्याखाली बसतात. जून होऊन जाण्यापेक्षा कुणाच्या तरी ताटात पडू दे म्हणतात. काल मला विचारत होत्या, कॅमेरा नेमका कुठं लावणार काही कळलं का. मी म्हटलं, जिन्याच्या उजव्या बाजूला. मग त्या म्हणाल्या, बरं झालं, आता डावीकडूनच कापते.